छातीवरचं घड्याळ

ड्यूटीच्या तक्त्यावर आता नावांपेक्षा
पांढरी शाईच जास्त दिसते.
नखानं खरवडलं की खाली सापडतात
म्सिस्का, लुहांगा, कुम्वेंदा.
एक लीड्सला. एक डब्लिनला.
एक कुठं गेली ते कुणी धड सांगत नाही,
पण तिच्या आईच्या घरावर नवे पत्रे आलेत.

मी एनाला. म्झिंबाच्या इस्पितळात
एकोणीस वर्षं फरशी पुसते.
रक्ताला गार पाणी लागतं, गरम नाही,
एवढंच माझं वैद्यकीय शिक्षण.

लुसुंगु सिस्टर जायच्या आदल्या दिवशी
एप्रनवरचं घड्याळ काढून
तिनं माझ्या झग्याला टाचलं.
असलं घड्याळ उलटं टांगलेलं असतं.
जिच्या छातीवर, तिलाच सरळ दिसतं;
समोरच्याला बारा खाली, सहा वर.
"नळकांडं पोटावर टेक, कान लाव, मिनिटभर मोज.
एकशेदहाच्या खाली गेलं की ओरड."
"कुणाला?" मी म्हटलं.
ती बॅगेची चेन लावत होती.
चेन अडकली होती.
दोघींनी मिळून ओढली.

परवा रात्री वाऱ्यानं तारा तुटल्या.
टेम्वा नावाची पोर तंबाखूच्या मळ्यातून
सायकलच्या कॅरिअरवर बसून आली,
सासू मागून पळत, डोक्यावर भांडी, काखेत पीठ.
डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात, गाडीत डिझेल नाही.
मी फोन दातांत धरला, उजेड खाली पाडला.
वाकले तसं घड्याळ तिच्या तोंडासमोर लोंबलं.
"आठ वाजून गेले?" तिनं विचारलं. "उजाडलं?
मग डॉक्टर येतीलच आता."
दोन वाजले होते.
माझ्या दातांत फोन होता,
नाहीतर सांगितलं असतं.
नाही, खरं म्हणजे नसतं सांगितलं.

बाळ रडलं.

वहीत शेवटचा रकाना असतो: बाळंतपण कुणी केलं.
तिथं फरशी पुसणारीचं नाव चालत नाही.
म्हणून लुसुंगु म्सिस्का अजून इथंच आहे,
महिन्याला तीसेक बाळंतपणं करते,
एक दिवस सुट्टी घेत नाही,
अक्षर मात्र तिचं अलीकडे बिघडलंय.

आणि तिकडची लुसुंगु?
वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याला चमच्यानं सूप भरवते.
तो पूर्वी बस चालवायचा.
रोज विचारतो, तुमच्याकडे नर्स पुरेशा आहेत ना?
ती म्हणते, भरपूर.
"इथं जन्म बघितलाच नाही गं अजून," फोनवर म्हणाली.
"इथं माणसं निवांत मरतात,
हात धरायला पगारी माणूस असतं."
मग गप्प झाली. पैसे जळत होते फोनचे.
मीही बोलले नाही.
आमच्याकडे हात धरायला
अख्खं गाव अंगणात चूल मांडून बसलेलं असतं,
नसते ती फक्त सलाईन लावणारी.

राग येतो मला तिचा.
मग पाच तारखेला तिचे पैसे येतात
आणि त्यातून मी माझ्या वेझीची फी भरते.
म्झुझूच्या नर्सिंग कॉलेजात आहे वेझी, दुसऱ्या वर्षाला.
पाच तारखेनंतर चार-आठ दिवस
रागाची धार जरा बोथट असते.

डिसेंबरात वेझी सुट्टीला आली.
रात्री आरशासमोर इंग्रजीत काहीबाही बोलते,
स्वतःला प्रश्न विचारते, स्वतःच हसून उत्तर देते.
मी विचारत नाही, कशाची तयारी.
काल नशिमा ढवळताना
तिनं माझ्या छातीकडे पाहिलं
आणि समोरून, उलट्या बाजूनं,
एका नजरेत वेळ सांगितली. बरोबर.
मला दोन वर्षं लागली होती
सरळ बाजूनं शिकायला.

"यातून दोन तास वजा केले," वेझी म्हणाली,
"की लीड्स."