हातचा एक

विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या पाकिटावर
उदयननं मधोमध रेघ मारली.
डावीकडे सॅन होजे, उजवीकडे टल्सा.
भाडं: डावीकडे एकोणचाळीसशे,
उजवीकडे साडेतेराशे, वर मागे अंगण.
पेट्रोल. दूध. शर्वाणीचे दात, तारांसकट.
पगार मात्र उजवीकडे एक तृतीयांशानं उतरलेला;
तो त्यानं इतक्या बारीक अक्षरात लिहिला
की मला चष्मा शोधावा लागला.

नोकरी जाऊन अकरा आठवडे झाले त्याची.
एवढ्यात तो भांडी फार नीट घासायला शिकलाय.

माझा हिशेब वेगळा.
मी गुडघ्यांचं काम करते.
म्हणजे ऑपरेशननंतर माणसाला पुन्हा जिना शिकवते:
चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा.
पंधरा वर्षं दिवसातून वीस वेळा हेच एक वाक्य.
ओक्लाहोमाच्या बोर्डाला ते पुरत नाही.
अर्ज, फी, बोटांचे ठसे, तिथल्या कायद्याची परीक्षा,
आणि मग आठ ते बारा आठवडे.
फोनवरच्या बाईंना मी विचारलं,
तुमच्याकडे गुडघा दुसऱ्या बाजूला वाकतो का हो?
त्या हसल्या. अगदी मनापासून हसल्या.
आणि म्हणाल्या, बाराच धरा.

अंथरूण पाहून पाय पसरायचे
हे आम्हांला कुणी शिकवायला नको.
आखडूनच झोपलो इथे, तिघं, दोन खोल्यांत.
आता अंथरूणच बदलू, असं मी म्हणाले
आणि माझं मलाच ते
बँकेच्या जाहिरातीसारखं ऐकू आलं.

तिथे गाड्या दोन लागतील, बस नावालाच.
विम्यात वादळाचा आकडा निराळा.
नवा घरमालक लिहितो,
भोंगा वाजला की जिन्याखालच्या कपाटात बसायचं.
कपाटाचं वेगळं भाडं नाही.
(हा विनोद होता की नाही
यावर आम्ही रात्री बराच वेळ बोललो.)

खालच्या मिसेस डेल्गाडो विचारतात,
माझा डावा गुडघा कुणाच्या हवाली करून चाललीस?
त्यांचा मुलगा बॉइसीला, मुलगी फीनिक्सला,
दोघंही असाच कागद मांडून गेलेली.
त्यांच्या खोल्या म्हातारीनं भाड्यानं दिल्यात
त्यांच्याच वयाच्या पोरांना.
ती पोरंही आता पाकिटं शोधतायत.

ट्रक ठरवायला मी एकटीच गेले.
काउंटरवरचा मुलगा, दंडावर कासव गोंदलेलं,
म्हणाला, इथून टल्सा, एकेरी, सदतीसशे.
आणि तिकडून इकडे? मी विचारलं. सहज.
त्यानं बटणं दाबली.
नऊशे ऐंशी.
सगळे ट्रक जातात आणि तिकडेच पडून राहतात, मॅम,
कुणी परत घेऊन आलं तर आम्हांला बरंच.

परत येणं इतकं स्वस्त असेल
हे मला ठाऊक नव्हतं.

उदयनला मी सदतीसशेच सांगितले.
तो आकडा त्यानं लिहिला, बेरीज केली,
पुन्हा केली, वरून खाली, खालून वर.
दुसऱ्या आकड्याला पाकिटावर जागाच नव्हती.
तो मी हातचा धरलाय.
मिळवायचा कुठे, ते अजून आलेलं नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला
शर्वाणी मधल्या सीटवर, मांडीवर मिक्सर,
मिसेस डेल्गाडो खिडकीत, गाऊनवर स्वेटर,
हात हलवायचा की नाही या विचारात.
ट्रकची पायरी चांगली गुडघ्याएवढी उंच.
माझे दोन्ही पाय धडधाकट.
तरी क्षणभर, दाराला धरून,
कुठला आधी टाकायचा
ते आठवेना.