फ्री : टायपिंग सेंटरमधून

शारजात, रोल्ल्याच्या मागच्या गल्लीत,
झेरॉक्सवाला आणि शावर्म्याच्या मधे
मी अर्ज टाइप करते.
डावीकडून इंग्रजी, उजवीकडून अरबी,
मधल्या रेघेपाशी दोघी येतात
आणि एकमेकींकडे न बघता परततात.

चौदा वर्षांत एकाच शब्दानं मला सारखं अडवलं.
अवघड शब्दांचं काही नाही, त्यांना कोश असतो.
हा तर आमच्या न्हाणीघरातल्या साबणावरही होता :
एकावर एक फ्री.

अरबीत त्याला तीन वेगळी दारं.
हुर्र : जो कुणाचा गुलाम नाही.
बलाश : ज्याला पैसे पडत नाहीत.
फादी : टॅक्सी, खोली, खुर्ची, जे काही रिकामं असेल ते.
मराठीनंही इथं कधी घोळ घातला नाही.
फुकट ते फुकट, मोकळं ते मोकळं,
रिकामटेकडा आणि मुक्त
आपण एका पंगतीला बसवले नाहीत.
इंग्रजीनं मात्र सगळ्यांना
एकाच मापाचं बनियन शिवलं.

कौचाली पहिल्यांदा आला तेव्हा
‘बाय, माझा फ्री व्हिसा हाय.’
कितीला पडला?
‘दोन लाख.’
खेडच्या खालच्या अंगाचा, खाडीकाठचा, धंद्यानं प्लंबर.
कागदावर एका फुलांच्या दुकानात मदतनीस.
ते दुकान त्यानं पाहिलेलंही नव्हतं.
फ्री म्हणजे कुठंही काम कर,
दर दोन वर्षांनी मालकाला पैसे पोचव,
आणि धरला गेलास तर तुझा तू.

मी त्याला एक नियम सांगितला, माझाच :
फ्री नामाच्या आधी आला तर खिसा चाचपायचा,
मागून आला तर ते नाम गेलं समजायचं.
शुगर फ्री, साखर गेली.
टॅक्स फ्री, कर गेला.
तो जरा वेळानं म्हणाला,
‘मंग एअरपोर्टावर ड्युटी फ्रीतल्या त्या पोरी
बारा-बारा तास कशाला उभ्या?’

मी नियमाखाली एक अपवाद लिहून ठेवला.

बायको रोज फोनवर विचारायची, फ्री हाव काय?
तो कुणाच्या तरी बेसिनखाली उताणा,
दातांत टॉर्च.
टॉर्च काढल्याशिवाय ‘नाय’सुद्धा म्हणता येत नाही.

बारा वर्षं. सहा वेळा नूतनीकरण. मग रद्द करायचं ठरलं,
त्याला मालकाची सही लागते.
तेव्हा कुठं तो त्या दुकानात गेला.
काचेच्या फ्रिजमधे गुलाब, एक नेपाळी पोरगा,
मालक दुपारच्या नमाजानंतर येणार.
‘मी हितं बारा वर्सं कामाला हाय,’ हा म्हणाला.
पोरगा हसला, त्यानं स्टूल दिलं.
मागच्या मोरीत नळ टिपकत होता.
बसवेना ह्याला.
वायसर बदलला, चाकी घट्ट केली,
तळहाताएवढं शेवाळ खरवडून काढलं.
पैसे?
‘आपल्याच दुकानात कसले पैसे, बाय?’

मी अर्ज उघडला.
व्यवसाय : फुलांच्या दुकानात मदतनीस.
एवढ्या वर्षांत हा रकाना
निदान तासाभरापुरता खरा झाला होता.
मी जपून टाइप केलं.

शिक्का बसल्यावर म्हटलं, आता तीस दिवस सवलतीचे.
मालक नाही, काम नाही, काही नाही.
‘म्हंजे फ्री?’

मी बोटांवर मोजायला लागले,
हुर्र, बलाश, फादी,
मोकळा, रिकामा,
सुट्या पैशांतला सुटा.
माझी बोटं संपत आली तरी
तो ऐकत नव्हता.
माझ्या टेबलाखाली, एसीच्या पाइपखाली
एक निळी बादली असते, दिवसातून दोनदा भरते.
तो वाकून
तिच्याकडे बघत होता.