गोल दोरी

मेडिकलच्या ओटीत रात्रीचे दोन,
एसी बंद, मे महिना.
सिस्टर बोरीकर टिपत राहतात
खोब्रागडे मॅडमच्या कपाळावरचा घाम.

टेबलावर तुळशीराम नेवारे, कळमन्याचा हमाल.
गुडघ्यांसाठी सहा वर्षं
उपाशीपोटी गोळी, वर चहा;
आतड्याला मसुराएवढं भोक.

झाकायला वपा हवी होती.
जुन्या ऑपरेशनात चिकटून तिची चिंधी झालेली.
मॅडम थांबल्या. मग यकृतापुढचा
विळ्याच्या आकाराचा पातळ पडदा उचलून:
"हे काय, सांग."

वायवात मी इथंच चुकले होते.
फॉर्मालिननं डोळे चुरचुरत,
"यकृताला टांगून ठेवतो, सर."
"यकृत म्हणजे काय खुंटीवरची पिशवी आहे?"

आज बोट पडद्याच्या मोकळ्या कडेवर:
दोरी. गोल, चिवट, बेंबीकडे निघालेली.
नऊ महिने हिच्यातून रक्त आलं,
नाळ कापली, नळी मिटली,
पुढं पंचेचाळीस वर्षं
हिला कुणी काही विचारलं नाही.

"बेंबीकडून सोडव. यकृताकडची बाजू राख,
जीव तिकडून येतो तिला."

पडदा भोकावर बसला. चार टाके.
पोट धुतलं, ड्रेन ठेवला.

पहाटे व्हरांड्यात, चटईवर म्हातारी.
"काहून जी मॅडम, वाचन ना पोरगं?"
"ठिगळ लावलंय आजी."
"कायचं?"
मला शब्द सापडेना.
"त्याच्याजवळच होतं. जुनं."
तिनं मान हलवली, पदर नीट केला.
"अन् चहा कवा देऊ त्याले?"