सात नंबरची कुंडी

दारव्ह्याच्या अलीकडे, कॅनॉलच्या वळणावर
आमच्या उपकेंद्राचं हिरव्या जाळीचं घर.
आत तुरीच्या चाळीस कुंड्या.
कुणाला मिठाचं पाणी, कुणाला जादा ऊन,
कुणाच्या पानावर मोजून दोन अळ्या.
सात नंबरला यातलं काहीच नाही.
तिच्या रकान्यात मी रोज लिहिते :
काही केले नाही.

यशोदाबाई टेकाम पाणी घालते
झारीच्या तोंडाशी हात धरून,
पानावर थेंब उडू न देता.
"इच्यावर काहून येवढा टाइम घालवता मॅडम?
इले त काही झालंच नाही."

रात्री लाईट टिकली तर
रोपाचं कोवळं मूळ भिंगाखाली धरते.
अंधारात पेशी लुकलुकतात,
एक, मग तिच्या शेजारची नाही, पलीकडची तिसरीच,
मग बराच वेळ कोणी नाही.
कॅल्शियमचा चिमूटभर उजेड,
वस्तीत कुणी कंदील मोठा करून
लगेच बारीक करावा, तसा.
वारा नाही, तहान नाही, कुणाचं बोट लागलेलं नाही.
तरी निरोप चालूच.

शेंडा खाली सांगत राहतो, मी आहे, मी आहे,
आणि तेवढ्यावर
पानांच्या बगलेतले डोळे मिटून राहतात.
तुरीचे शेंडे खुडले की फुटवे येतात
हे इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक.
आपल्याला वाटतं, आपण झाडाला काही दिलं.
आपण फक्त एक बोलणं तोडलेलं असतं.

सहाच्या सुमारास यशोदाबाई धुऱ्यावर जाते.
रेंज तिथंच येते, बाभळीपासून चार पावलांवर.
पोरगा बुटीबोरीला, धाग्याच्या कारखान्यात.
"डबा खाल्ला काय?"
"खाल्ला."
"मंग?"
"काही नाही."
"बरं, ठेव."
मी एकदा मोजलं : अकरा सेकंद.
एवढ्यावर ती झारी धुते, चपला शोधते, घराकडे वळते.

पोळ्यानंतर चार दिवस त्याचा फोन लागेना.
पाण्यात पडला होता मोबाईल, बाकी काही नव्हतं,
हे मागाहून कळलं.
त्या चार दिवसांत
एकोणीस नंबरला दोनदा पाणी पडलं,
झारी उन्हातच राहिली,
आणि मला तिनं तीनदा विचारलं,
तुमची माय कोन्या गावची?

आज सात नंबर तीन मिलिमीटर वाढली.
दिवस कलल्यावर तिनं पानं जवळ घेतलीत,
कुणी सांगितलं नसताना.
की सांगितलं?
पेन रकान्यावर जरा रेंगाळलं.
सरांना तेच तीन शब्द हवे असतात, तेच लिहिले.

जाळीचं दार ओढून बाहेर आले
तर यशोदाबाई धुऱ्यावरून परतत होती.
"झालं बोलणं?"
"हो न," म्हणाली,
"काही नाही म्हने."