पाडेली

सावईच्या कुळागरात, अर्ध्या माडावर,
एका नारळाचे दोन झाले.
कोयता बसला खोट्यावर.

बांबोळीची डॉक्टरीण फिल्म उजेडाला धरून म्हणाली,
हाडालाच हाड फुटलंय, खोबणीच्या छताला.
हस्तिदंतासारखं घट्ट. पण वाईट नव्हे.

वाईट नव्हे, म्हणून दोन वर्षं नुसतं बघितलं,
दर सहा महिन्यांनी फोटो.
डोळा मात्र पुढे पुढे,
उंबऱ्याशी आलेल्या माणसासारखा.

मग पापणीच्या घडीतून चीर,
आत बारीक घिरमिट.
निघालं काजूच्या बीएवढं.

शेवंतीनं मागितलं, बघू तरी.
तपासायला गेलं, म्हणाले. परत मिळत नाही.
माझंच हाड.

आता एक नारळ एकच दिसतो.
खाली शेवंती मोठ्यानं मोजते,
तिचा अजून भरवसा बसलेला नाही.