दोन्ही टाचा

अमरावतीच्या शोरूममधला पोरगा म्हणाला, काका,
एकशे सहा हॉर्सपॉवर.
मी विचारलं, वजन किती?
तो टॅबवर बोट फिरवत राहिला,
वजन आत कुठं दडून बसलंय जणू.

छत्तीस वर्षं खांबावर चढलो मी.
लाइन बंद आहे का, हे कुणाला विचारायचं नाही,
आपल्या हातानं टेस्टर लावून बघायचं.
नोकरीत शिकलो ते एवढंच.
म्हणून बूट काढले आणि सीटवर बसलो.
डावी टाच टेकली.
उजवी अधांतरी. धारणीच्या खांबावरून पडल्यापासून
तो गुडघा माझं तसंही ऐकत नाही.
हँडल इतकं खाली की
कुणाच्या तरी पाया पडतोय असं वाटलं,
फक्त आशीर्वाद द्यायला समोर कोणी नव्हतं.

वत्सलाही आलेली. मागच्या सीटला तिनं वीत लावली.
"माया पोळपाट याच्याहून मोठा हाय," म्हणाली,
आणि पाणी प्यायला निघून गेली.

मग भाच्याची गाडी मागून घेतली दोन दिवसांसाठी,
तशीच, लांब पल्ल्याची, पुढं झुकलेली,
आणि परतवाड्याहून पहाटे निघालो सेमाडोहकडे.

घाट लागला तसं
बासष्ट वर्षांचं अंग कुठंतरी मागं पडलं.
सागाची पानं रस्त्यावर पापडासारखी वाळलेली,
त्यांच्यावर ब्रेक मारायचा नाही हे पाय विसरले नव्हते.
विशीत राजदूतवर मी पुढच्या चाकाकडं बघायचो
आणि चाक खड्ड्याकडं.
आता वळण जिथं संपतं तिथं बघतो,
गाडी मुकाट तिकडं जाते.
एका वळणावर वानरांचं टोळकं कठड्यावर बसलेलं,
पंचायतीसारखं. हॉर्न दिला. एकही हललं नाही.
मीच हळू झालो.

पडलो ते मात्र घाटांगला,
चहाच्या टपरीसमोर, गाडी वळवून लावताना,
ताशी शून्य किलोमीटर वेगानं.
उजवा पाय टेकवला तिथं गिट्टी होती,
गिट्टी सरकली,
आणि सव्वादोनशे किलो
म्हशीसारखे संथ आडवे झाले.

दोनदा उचलायला गेलो. कंबर म्हणाली, बापा, सोड.
टपरीवाला सोमा कास्देकर केटली ठेवून आला.
"बैल बसला तर शिंगाला धरून उठवत नाय दादा.
पाठ लावा त्याले. पायानं उठवा."
पाठ लावली. त्यानंही लावली.
दोन म्हातारे गाडीकडं पाठ करून
जंगलाकडं बघत मागं मागं सरकलो,
आणि ती उठली.
चहाचे पैसे त्यानं घेतले. उचलायचे नाही.

सोमवारी पुन्हा शोरूम.
म्हटलं, हलकी कुठली ती दाखव,
आणि इथं फरशीवर आडवी कर. मी उचलून बघतो.
पोरानं मॅनेजरला बोलावलं.
मॅनेजरनं मला खुर्ची दिली, मग पाणी,
मग माझ्या मुलाचा नंबर मागितला.

शब्बीर मिस्त्री मात्र हसला नाही.
त्याच्या गॅरेजात अकोटच्या एका डॉक्टरची होती,
तीन वर्षांची, दोन सिलिंडरची, सरळ हँडलची,
नऊ रविवार फिरलेली फक्त.
"पळते किती, हे पोट्टे पुसतात," तो म्हणाला,
"तुम्ही थांबते कशी ते पुसा."
आणि न विचारताच त्यानं
सरकीची रिकामी पोती अंथरली,
गाडी अलगद त्यांच्यावर निजवली,
अन् हात मागं बांधून उभा राहिला.

पहिल्यांदा उचलली.
दुसऱ्यांदा उचलली.
तिसऱ्यांदा गुडघा थरथरला, पण उचलली,
मग बसलो. दोन्ही टाचा खाली,
ऑइलनं काळ्या झालेल्या त्या जमिनीवर, पूर्ण.

पैसे मोजून दिले, किल्ली घेतली.
गाडीचा रंग कोणता
ते घरी आल्यावर वत्सलानं सांगितलं.