उजेड दोन हात लांब

बोराबाजारच्या चिंचोळ्या गाळ्यात
मुस्तनसिरशेठनी फ्लॅशवर फुंकर मारली,
म्हणाले, जुना आहे, पण भडकतो बरोबर.
बावीसशे. ट्रिगरचे सातशे वेगळे.
छत्री घेतली नाही. छत्री घरात होती.

आजवर माझ्या फोटोंतली माणसं
भिंतीला डिंकानं चिकटवल्यासारखी.
कपाळ चकचकीत, नाक गायब,
कानामागे सावलीची काळी किनार,
आणि चेहऱ्यावर तो भाव,
अंधारात कुणी तोंडावर बॅटरी मारली
की चोर नसलेल्या माणसाचा होतो तसा.
उजेड कॅमेऱ्याच्या कपाळावरून उतरवायचा,
एवढंच ठरवलं होतं.

घोडपदेवची आमची खोली दहा बाय पंधरा.
स्टँड लावला तर जेवायला कुठे बसणार?
उत्कर्षा, माझी भाची, नववीतली,
जळमटं काढायच्या काठीला
फ्लॅश रबरानं बांधून उभी राहिली.
तिचा हात दुखला की उजेडही खाली यायचा.

मॉडेल बाबा.
तेहतीस वर्षं दारूखान्यात वेल्डर,
आता निवृत्त, म्हणून फुकट.

पहिला फोटो पांढराफटक. बाबा वितळलेले.
दुसऱ्यात खालची अर्धी चौकट काळी:
शटरला नको तेवढी घाई,
पडदा उजेडाच्या आड आला.
तिसऱ्यात नुसती ट्यूबलाइट आणि बाबांचा वैताग.
फ्लॅश पेटलाच नव्हता,
कॅमेऱ्यावर चॅनेल चार, काठीवर दोन.
छत्री उघडली तर काळी. काळं उजेड गिळतं.
हे मला दुकानात आठवायला हवं होतं.

बाबा म्हणाले, एवढ्या जवळनं मारतात होय?
नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी
ते ठिणगीकडेच बघत बसायचं.
रात्री डोळ्यांत वाळू,
बटाट्याच्या चकत्या ठेवून रडायचं.
दुसऱ्या दिवशी शहाणं.
उजेडाकडे बघू नये गं,
तो कुठे पडतो तिकडे बघावं.
मग थोडं थांबून,
आणि चहा ठेव कुणीतरी.

चहा झाला.
उत्कर्षाला काठीसकट बाहेर गॅलरीत धाडलं.
दारात पांढरी चादर टांगली
अंतरपाटासारखी.
दुप्पट लांब गेलं की उजेड चौथाई उरतो,
हे ती पलीकडून ओरडून सांगत होती,
सरांनी मेणबत्ती घेऊन शिकवलं होतं म्हणे.
मी तर अंदाजपंचे, बटण दाबत,
सोळाव्या हिश्श्यावरून आठव्यावर आले.

ट्यूब बंद.
फ्लॅश भरताना डासासारखा बारीक गुणगुणतो,
मग एक लाल ठिपका चादरीत उमटतो.
गॅलरीतून जाताना सुर्वेकाकू थबकल्या.
पूजा आहे का?
फोटो काढतोय, काकू.
अगं बाई, कुणाचं ठरलं?

क्लिक.

डावीकडून उजेड बाबांच्या गालावर चढला
आणि नाकाच्या शेंड्याशी थांबला.
पलीकडची बाजू अंधारात, निवांत,
तिथे कुणी काही विचारणार नाही अशी.
भुवईजवळ एक खड्डा,
जो मी कधी पाहिला नव्हता.
म्हणजे रोज पाहिला असणार.
मांडीवर ठेवलेल्या हातांवर
मनगटापर्यंत ठिणग्यांचे जुने डाग,
एकेकाला आता
स्वतःपुरती एवढीशी सावली.

मी काही बोलले नाही.
कॅमेरा त्यांच्या हातात दिला.
चष्मा कपाळावर सरकवून,
स्क्रीन नाकाला लावून
ते बराच वेळ बघत राहिले,
चेहऱ्याकडे नाही, चेहऱ्याच्या डावीकडे.

खिडकी कुठली ही? म्हणाले.
आपल्याला तर खिडकी नाही.

चादरीपलीकडून उत्कर्षा:
मावशी, हात खाली करू का?